खेळाचा नियम आणि खेळणाऱ्याची नियत

खेळाविषयी वैचारिक लेख लिहायचा म्हटले की आपल्याकडे दोन तऱ्हेची माणसे भुवया उंचावतात. पहिली म्हणतात, पोरांच्या खेळावर शाई कशाला वाया घालवायची? दुसरी म्हणतात, यात लिहिण्यासारखे काय आहे, मोबाईल काढून घ्या म्हणजे झाले. दोघांचाही समज असा की खेळ म्हणजे आयुष्याबाहेरची गोष्ट. पण फावल्या वेळात माणूस जे करतो ते त्याच्यावर कुणी लादलेले नसते. निदान त्याला तसे वाटत असते. म्हणून माणसाच्या मनाचा कल पाहायचा तर तो कामाइतकाच खेळातही पाहावा लागतो.

सवय कशी लागते, ती कोण लावतो आणि लागलेल्या सवयीची जबाबदारी कुणाची, हा नीतिशास्त्रातला फार जुना प्रश्न आहे. रोजच्या जगण्यात त्याचा माग काढणे अवघड जाते. चहाची सवय कधी लागली, खोटे बोलण्याची सवय कुठून आली, हे कुणालाच नेमके सांगता येत नाही. व्हिडिओ गेमचे तसे नाही. तिथे नियम लिहिलेला असतो. तो कोणत्या साली बदलला हे ठाऊक असते. आणि नियम बदलल्यावर खेळणाऱ्यांचे हात कसे वळले, हेही डोळ्यांसमोर घडलेले असते. सवयीचा विचार करायला ही जागा सोयीची आहे. म्हणून इथे पोकेमॉन या जपानी खेळमालिकेचे उदाहरण घेतले आहे. तिचा नवा खेळ येतो तेव्हा जुन्या खेळणाऱ्यांच्या वागण्यालाही तो नवे वळण लावून जातो. हे वळण चांगले की वाईट, ते कशावरून ठरवायचे, हा आपला प्रश्न.

किडे गोळा करणारा मुलगा

पोकेमॉन हे नाव आपल्या घरांना अगदीच परके नाही. २००० नंतरच्या दशकात ही कार्टून मालिका हिंदीतून टीव्हीवर दिसू लागली. पिकाचू नावाचा पिवळा प्राणी मुलांच्या दप्तरांवर आणि कंपासपेट्यांवर आला. चिप्सच्या पाकिटांतून निघणाऱ्या चकत्या, म्हणजे टाझो, मोहल्ल्यातल्या ओट्यांवर जिंकल्या-हरल्या गेल्या. पण ज्या मूळ खेळातून हे सारे निघाले, तो आपल्याकडे फार थोड्या मुलांनी हाती धरला असेल. तो ज्या यंत्रावर खेळायचा, ते यंत्र आपल्या घरांत क्वचितच असे.

या खेळाचा जनक सातोशी ताजिरी. टोकियोच्या कडेला असलेल्या माचिदा गावात त्याचे बालपण गेले आणि त्या बालपणात त्याला किडे गोळा करण्याचा नाद होता. शहर वाढले, तळी बुजली, झाडी गेली, तसे किडेही गेले. पुढे निन्टेंडो कंपनीचे गेम बॉय हे हातात मावणारे यंत्र त्याने पाहिले. दोन यंत्रे वायरने जोडता येत. त्या वायरीतून एखादा किडा या यंत्रातून त्या यंत्रात सरपटत जावा, अशी कल्पना त्याच्या मनात आली. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी 'रेड' आणि 'ग्रीन' असे दोन खेळ जपानमध्ये बाजारात आले. गवतातून चालायचे, समोर आलेल्या अद्भुत प्राण्याशी आपल्या प्राण्याची झुंज लावायची, तो थकला की चेंडू फेकून पकडायचा, आणि दीडशे जातींची वही पुरी करायची, असा हा खेळ.

यातली मेख अशी, की एकट्याने वही पुरी होतच नसे. काही जाती फक्त 'रेड'मध्ये, काही फक्त 'ग्रीन'मध्ये. काही प्राणी तर दुसऱ्या मुलाशी अदलाबदल केल्यावरच आपले रूप पालटत. म्हणजे वही भरायची तर दुसरे पोर शोधणे भाग. त्याच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसायचे, काय देतोस, काय घेतोस, हे ठरवायचे. आपल्याकडे काडेपेट्यांचे छाप आणि टपालाची तिकिटे गोळा करणाऱ्या मुलांना ही देवघेव नवी नाही. एकाच्या जागी दोन खेळ विकण्याची व्यापारी हुशारी त्यात होतीच. तरी नियमाने लावलेली सवय पाहिली तर ती दुसऱ्याकडे जाण्याची होती.

हात आणि स्वभाव

आता जरा मूळ प्रश्नाकडे येऊ. माणूस न्यायाने वागत वागत न्यायी होतो, असे अ‍ॅरिस्टॉटलने मांडले. इमाम गझालींनी (मृत्यू ११११) 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये हाच धागा फार सुरेख पुढे नेला आहे. त्यांच्या मते 'खुल्क', म्हणजे स्वभाव, ही मनात ठाण मांडून बसलेली अशी अवस्था आहे, की तिच्यातून कृती सहज, विचार न करता बाहेर पडते. एकदा हातून दान झाले म्हणून माणूस दानशूर ठरत नाही. देताना ज्याला स्वतःशी झगडावे लागत नाही, तो दानशूर. आणि ही अवस्था येते कशी? ते सुलेखनकाराचा दाखला देतात. ज्याला सुंदर अक्षर हवे, त्याने सुरुवातीला उसने अवसान आणून सुलेखनकारासारखा हात चालवावा. चालवता चालवता ते अक्षर त्याचेच होते. हात मनाला शिकवतो, असा याचा अर्थ.

हेच गझाली मुलांच्या तालमीविषयी लिहिताना सांगतात की मकतबातून सुटल्यावर मुलाला चांगला खेळ खेळू द्यावा. खेळ तोडून त्याला सतत अभ्यासाला जुंपले तर त्याचे मन मरते. खेळाला सरसकट नावे ठेवणाऱ्यांनी हे आवर्जून वाचावे.

पण गझालींच्या सुलेखनकारात आणि आजच्या खेळणाऱ्यात एक फरक आहे. सुलेखनकाराला कुठे पोचायचे ते ठाऊक असते. गिरवायचा नमुना त्याने स्वतः, किंवा त्याचे भले चाहणाऱ्या उस्तादाने निवडलेला असतो. खेळात हात शंभर वेळा, हजार वेळा काय करील, हे खेळ बनवणारा ठरवतो आणि त्याला खेळ विकायचा असतो. मग त्या हाताने जे मन घडते, ते कुणाचे म्हणायचे?

अंड्यांचा कारखाना

१९९९ साली 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' हे पुढचे खेळ आले. त्यांत दोन नव्या गोष्टी होत्या. एक, दोन प्राणी एकत्र ठेवले तर अंडे मिळे. दुसरी, क्वचित एखादा प्राणी निराळ्या रंगाचा निघे. त्याचे प्रमाण होते ८,१९२ मध्ये एक. २००२ च्या 'रूबी' आणि 'सफायर'मध्ये आणखी भर पडली. प्रत्येक प्राण्याला पंचवीसपैकी एक स्वभाव मिळाला आणि त्याच्या सहा शक्तींचे जन्मजात आकडे शून्य ते एकतीस या मापात ठरू लागले. हे आकडे पडद्यावर सरळ दिसत नसत, पण ते आहेत हे जाणकारांनी हुडकून काढले.

गोष्ट पूर्ण करून थांबणाऱ्या मुलाला याने काही फरक पडला नाही. स्पर्धेत उतरणाऱ्यांची सवय मात्र पार बदलली. आता जात पुरेशी नव्हती. त्या जातीतला निर्दोष नमुना हवा होता. मग सायकलवर बसून एकाच रस्त्यावर वर-खाली चकरा मारायच्या, पावले भरली की अंडे फुटते, आतला प्राणी पाहायचा, आकडे कमी असतील तर सोडून द्यायचा, पुन्हा चकरा. एका निर्दोष नमुन्यासाठी शेकडो पिल्ले सोडली जात. २००६ च्या 'डायमंड' आणि 'पर्ल'मध्ये आणखी एक गंमत आली. अंड्याचे आईबाप निरनिराळ्या भाषांतल्या खेळांतून आलेले असले तर निराळ्या रंगाची शक्यता वाढे. त्यामुळे परदेशी माणसाकडून एखादा प्राणी मिळवण्याची धडपड सुरू झाली. त्याच खेळात इंटरनेटवरून जगभर अदलाबदल करण्याची सोय आली होती. जपानी मुलगा आणि फ्रेंच मुलगी एकमेकांची भाषा न जाणता देवघेव करू लागली. पण शेजारी बसलेला दोस्त त्यातून गळाला, हेही खरे.

२०१३ च्या 'एक्स' आणि 'वाय'मध्ये समोर कोण हे न पाहता प्राणी पाठवायचा आणि बदल्यात येईल तो घ्यायचा, अशी सोय झाली. स्पर्धावाल्यांनी आपल्या कारखान्यातली नको असलेली पिल्ले सोडून देण्याऐवजी तिथे पाठवायला सुरुवात केली. त्यांना जे टाकाऊ, ते नवख्या मुलाला घबाड वाटे. कुणी सांगितले नव्हते, त्यात मोबदलाही नव्हता. हे दान म्हणायचे का? आपल्याला नको असलेले देणे आणि जिवापाड जपलेले देणे यांतला फरक आपल्या परंपरेने नीट ओळखलेला आहे. पण टाकून देण्यापेक्षा कुणाच्या तरी कामी लावणे बरे, एवढे तरी म्हणावेच लागेल.

आणि मग उलटा बदल झाला. २०१६ च्या 'सन' आणि 'मून'मध्ये, शंभराव्या पायरीपर्यंत वाढवलेल्या प्राण्याच्या उण्या शक्ती तालमीने पूर्ण करण्याची सोय आली. २०१९ च्या 'सोर्ड' आणि 'शील्ड'मध्ये स्वभावाचा परिणाम बदलणारी पुदिन्याची पाने आली. ज्या दोस्ताला घेऊन गोष्ट सुरू केली, जो जन्माने सामान्य होता, तोच आता मेहनतीने स्पर्धेत उतरवता येऊ लागला. शेकडो पिल्ले काढून टाकण्याची गरज कमी झाली. खेळणारे एकाएकी दयाळू झाले होते असे नाही. नियमाने टाकून देण्याचा मार्ग लांबचा केला आणि सांभाळण्याचा जवळचा केला. जन्माने मिळालेल्या आकड्यापेक्षा तालीम मोठी, असे एका ओळीत न सांगता तो खेळ हाताला शिकवून गेला.

टाकलेल्या पिल्लाचे दुःख कुणाला?

इथे कुणी म्हणेल, अहो, ही पिल्ले म्हणजे यंत्रातले आकडे. त्यांना सोडले काय आणि ठेवले काय, वेदना कुणाला होते? आक्षेप रास्त आहे. बुद्धिबळात प्याद्याचा बळी देणाऱ्याला आपण क्रूर म्हणत नाही. रोपे विरळ करणारा शेतकरी निर्दय नसतो.

जर्मन तत्त्वज्ञ कांट प्राण्यांविषयी बोलताना म्हणे की प्राण्यांशी क्रूरपणे वागणाऱ्याचे मन माणसांच्या बाबतीतही बोथट होते, म्हणून क्रौर्य टाळावे. प्राण्याच्या वेदनेला त्याने कमी लेखले, हा त्याच्या विचारातला दोष मानला जातो आणि तो आहेच. पण जिथे खरोखर कुणालाच वेदना नाही, तिथे त्याचा मुद्दा नेमका लागू पडतो. प्रश्न पिल्लाचा नाही, हाताचा आहे.

तरी प्यादे आणि पिल्लू यांत अंतर आहेच. बुद्धिबळ आपल्याला प्याद्यावर माया करायला सांगत नाही. हा खेळ सांगतो. तो म्हणतो, याला नाव ठेव, हा तुझा दोस्त आहे. १९९९ पासून काही प्राणी तर जीव लागल्याशिवाय रूप पालटत नाहीत. ही माया मोजतात कशी? बरोबर चाललेल्या पावलांवरून, खाऊ घातलेल्या औषधांवरून. आतला आकडा ठरावीक मापाला पोचला की काम झाले. एका हाताने माया करायला लावायची, दुसऱ्या हाताने तीच माया हिशेबात धरायची आणि तिसऱ्या दिवशी तोच प्राणी उणा निघाला म्हणून सोडायची मुभा द्यायची! मला खटकते ते इथे. दोस्ती आणि मोजणी एकाच हाताने सतत केली, की हात दोन्हींतला फरक विसरू लागतो. गझाली म्हणतात तसे, मग कृती विचार न करता बाहेर पडते.

हा विसर खेळापुरता राहतो का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. माणसे जोडताना, सोयरीक पाहताना, कामावर ठेवताना आपण आकडे पाहतो आणि उण्या आकड्याचा माणूस बाजूला सारतो. ही सवय आपल्याला पोकेमॉनने लावलेली नाही. पण त्या खेळात ती उघडी पडलेली दिसते.

पावले कुणाची?

जुलै २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो' आला आणि खेळ मोबाईलवर, रस्त्यावर उतरला. प्राणी पकडायला खरोखर चालावे लागे. इथे झुंज लावून थकवण्याची भानगड नव्हती. चेंडू फेकला की झाले. एकाच जातीचे दहा-वीस पकडायचे, नकोसे झालेले प्रोफेसरकडे पाठवायचे आणि प्रत्येकामागे एक कँडी घ्यायची. ती कँडी त्याच जातीच्या आपल्या लाडक्याला खाऊ घालून त्याला वाढवायचे. पूर्वी सोडून दिल्यावर हाती काही येत नसे. आता सोडण्याचा मोबदला मिळू लागला.

त्याच वेळी लोक चालू लागले, हेही तितकेच खरे. घराबाहेर न पडणारी पोरे बागांत दिसू लागली, अनोळखी माणसे एकमेकांशी बोलू लागली. भारतात तो रीतसर आला डिसेंबर २०१६ मध्ये, जिओच्या साथीने. डॉक्टर मंडळींनाही आशा वाटली होती. पण डिसेंबर २०१६ मध्येच 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अमेरिकेतल्या तरुणांचा एक अभ्यास छापून आला. खेळ घेतल्यावर पहिल्या आठवड्यात माणसे रोज सरासरी ९५५ पावले जास्त चालली. मग वाढ ओसरत गेली आणि सहाव्या आठवड्यात पावले पुन्हा पूर्वीइतकीच झाली.

हा आकडा मला बोलका वाटतो. चालणे चांगलेच होते. पण चालण्याचे कारण चालणाऱ्याचे नव्हते, अंड्याचे होते. अंड्याचा नवेपणा संपला आणि बऱ्याच जणांचे पाय थांबले. सवय लागली असे वाटले, पण लागले होते ते बक्षीस. अर्थात याला अपवाद आहेत. काही वयस्क माणसे वर्षानुवर्षे या खेळाच्या निमित्ताने चालत राहिली, त्यांना चालण्याचे सोबती मिळाले. त्यांच्या बाबतीत कारण हळूहळू त्यांचे स्वतःचे झाले असावे. चांगल्या सवयीची सुरुवात बाहेरच्या आमिषाने झाली तर बिघडत नाही. आईसुद्धा पहिला रोजा ठेवणाऱ्या लेकराला ईदीचे गाजर दाखवते. आमिष गेल्यावर काय उरते, यावरून सवयीची जात कळते.

२०२० मध्ये महामारी आली. घरात बसलेल्यांची सोय व्हावी म्हणून नायन्टिक या कंपनीने खेळातल्या थांब्यांशी जोडले जाण्याचे अंतर ४० मीटरवरून ८० मीटर केले. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिका आणि न्यूझीलंडमध्ये ते पुन्हा ४० वर आणले गेले. कंपनीचे म्हणणे, हा खेळ लोकांना बाहेर काढण्यासाठी आहे. खेळणारे चिडले. त्यांचे म्हणणे, महामारी अजून संपलेली नाही. शिवाय ज्यांना चालता येत नाही, ज्यांना भर रस्त्यात थांबता येत नाही, त्यांना हे वाढीव अंतर वरदान ठरले आहे. खेळावर बहिष्कार घालण्याची भाषा झाली आणि त्याच महिन्यात कंपनीने ८० मीटर कायम केले. लोकांच्या भल्यासाठी म्हणून लावलेला नियम लोकांनी परतवला. यात कोण बरोबर? मला वाटते, चालण्याचा हट्ट चांगला असला तरी तो कुणावर लादायचा हे ठरवताना व्हीलचेअरवरच्या माणसाला विचारायला हवे होते. भले करण्याची नियत असली तरी ज्याचे भले करायचे त्याचे ऐकणे सुटत नाही.

फतवा आणि सौदा

आपल्या वाचकांना या मालिकेची दुसरी एक कहाणी आठवत असेल. २००१ साली सौदी अरेबियाच्या धर्मपीठाने पोकेमॉनविरुद्ध फतवा काढला. पत्त्यांच्या खेळाचे जुगाराशी साम्य आणि त्यातल्या चिन्हांविषयीचा संशय ही त्यातली प्रमुख कारणे होती. जुलै २०१६ मध्ये 'गो'चा गाजावाजा सुरू होताच तो जुना फतवा पुन्हा समोर आला. नंतर नवा फतवा काढलेला नाही, असा सरकारी खुलासा झाला. आपल्या देशातही त्याच वर्षी गुजरात उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली होती. खेळातली अंडी देवळांत आणि जैन प्रार्थनास्थळांत दिसतात, याने भावना दुखावतात, अशी तक्रार होती. आणि २०२५ मध्ये काय घडले? 'पोकेमॉन गो'सह नायन्टिकचा खेळांचा धंदा स्कोपली या कंपनीने साडेतीन अब्ज डॉलरला विकत घेतला. स्कोपली ज्या समूहाची आहे, तो सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीच्या मालकीचा आहे.

हे हसण्यावारी न्यायचे नाही. सौदी असो की गुजरात, चर्चा अडकली ती चिन्हांवर आणि जागांवर. तारा किती कोनांचा, अंडे कुठे दिसले. हाताला कोणती सवय लागते आहे, हे कुणी विचारले नाही. चिन्हांविषयीचा संशय बाजूला ठेवला तर जुगाराचा मुद्दा मात्र विचार करण्याजोगा होता. आत काय आहे हे न कळता पाकीट विकत घ्यायचे, हवे ते निघाले नाही की दुसरे घ्यायचे, ही सवय जुगाराच्या जवळची आहेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच मालिकेचा पत्त्यांचा खेळ मोबाईलवर आला. त्यात दर बारा तासांनी एक पाकीट फुकट उघडता येई; ज्याला तेवढा धीर नाही, त्याला पैसे मोजायची सोय होती. सकाळ-संध्याकाळ पाकीट फोडण्याचा हा नेम मुलाच्या दिवसात कसा घट्ट बसतो, हे पालकांनी पाहावे. आज पैसे जात नाहीत म्हणून निश्चिंत राहू नये.

नियम आपणच घातला तर?

जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या 'लेजेंड्स: आर्सियस'ने वही भरण्याची रीतच बदलली. एक प्राणी पकडला की जातीची नोंद पुरी, हा जुना नियम गेला. आता त्याच जातीचे अनेक पकडायचे, त्यांचे डावपेच पाहायचे, गवतात लपून पाठीमागून चेंडू टाकायचा. कोणता प्राणी कोणत्या वेळी कुठे येतो, कोणता घाबरून पळतो आणि कोणता अंगावर येतो, हे पाहायची सवय लागली. माचिदाच्या तळ्याकाठी बसणाऱ्या मुलाच्या जवळ जाणारा हा खेळ. पण संख्या भरण्याच्या नादात एकेका प्राण्याची ओळख उरत नाही, हेही झाले. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये 'लेजेंड्स: झेड-ए' आला. त्यात आपापल्या पाळीने डाव टाकायची जुनी रीत जाऊन झुंज जागच्या जागी, वेळेत खेळायची झाली. थांबून विचार करणारा हात आता चपळाई शिकू लागला. प्रत्येक नवा खेळ काही देतो, काही काढून घेतो.

या सगळ्यात एक सवय मात्र कोणत्याही कंपनीने लावलेली नाही. २०१० मध्ये एका अमेरिकन चित्रकाराने आपण स्वतःवर घातलेल्या बंधनांनी खेळलेल्या खेळाची चित्रकथा काढली. पुढे त्या बंधनांना 'नझलॉक' म्हणू लागले. बंधने दोन: एका भागात पहिल्यांदा जो प्राणी भेटेल तोच पकडायचा, आणि झुंजीत जो मूर्च्छित पडेल तो मेला असे मानून त्याला सोडून द्यायचा. पुढे प्रत्येकाला नाव ठेवायचेच, अशी तिसरी रीत त्यात मिसळली. मूळ खेळात मूर्च्छित प्राणी दवाखान्यात नेला की फुकटात बरा होतो. म्हणजे खेळ जे सहज परत देतो, ते खेळणारा स्वतःहून घेत नाही.

याने काय घडले पाहा. निवड गेली, म्हणून उणा-अधिक पाहणे गेले. जो वाट्याला आला त्याला सांभाळायचे. तो कायमचा जाऊ शकतो, म्हणून प्रत्येक झुंजीआधी विचार करायचा. एरवी कुणी ढुंकून पाहिले नसते अशा दुबळ्या प्राण्याची आठवण माणसे वर्षानंतरही काढतात. यंत्र तेच, प्राणी तेच, आकडेही तेच. बदलली ती खेळणाऱ्याची नियत. आणि हा नियम मोडला तर अडवणारे कुणी नाही. यंत्राला त्याचा पत्ताही नाही. कुणी पाहत नसताना स्वतःचा शब्द पाळणे, याला आपण साध्या भाषेत इमान म्हणतो. पुढे नझलॉकचेही जाहीर प्रयोग झाले, लोक प्रेक्षकांसाठी तो खेळू लागले. तरी घरी एकट्याने खेळून, हरल्यावर मुकाट पहिल्यापासून सुरुवात करणारी मुले आहेतच.

म्हणून 'खेळ बदलला की माणूस बदलतो का?' या प्रश्नाचे माझे उत्तर असे: नवा खेळ आपली इच्छा फारशी बदलत नाही. जमवण्याची, जिंकण्याची, जपण्याची इच्छा आधीपासून असते. नवा खेळ बदलतो ते माप. काय मोजायचे हे तो ठरवतो, आणि ज्याची मोजणी होते तिकडे हात वळतो. हाताच्या मागून मन जाते. हे माप दुसऱ्याने ठरवले म्हणून आपली जबाबदारी संपत नाही, कारण मापाशेजारी आपले स्वतःचे माप ठेवायची जागा प्रत्येक खेळात असते.

ही जागा फक्त खेळातच असते असे नाही. मोबाईल आपली पावले मोजतो, शाळा गुण मोजते, आता तस्बीहसुद्धा बोटात घालायच्या बटणाच्या यंत्रावर आकडा दाखवते. मोजणी वाईट नसते. ती आठवण द्यायला असते. आकड्यासाठी ओठ हलू लागले की मात्र आठवण निघून जाते आणि आकडा तेवढा राहतो.

घरातले मूल तासन् तास असा खेळ खेळत असेल तर किती वेळ खेळलास, हे विचारणे आपल्याला सुचते. त्याच्याशेजारी बसून आणखी थोडे विचारावे. यात काय मोजतात? तुला त्यातले काय आवडते? बक्षीस बंद झाले तरी हे करशील का? आणि तुझा तू एखादा नियम घालून खेळून पाहशील का? या प्रश्नांना मूल काय उत्तर देते ते ऐकावे. मग हेच प्रश्न आपण आपल्या दुकानाला, नोकरीला आणि इबादतीलाही विचारून पाहावेत.